माझाच पार्ट वाजतोय!

...आणि वर मलाच म्हणतात, "भाऊजी, जरा आवाज करू नका!" म्हणजे बघा हं, गाडी माझी, फाटक माझं, फाटकासमोरचा रस्तासुद्धा जवळपास माझाच, कारण त्याच्या खड्ड्यांवर मी अकरा बातम्या लिहिल्यात आणि खड्डे अजून जसेच्या तसे आहेत... आणि तोंडावर बोट ठेवून उभं राहायचं ते मी! का? तर माझा मेहुणा गाडीच्या पोटाखाली उताणा पडून ऐकतोय. काय ऐकतोय? स्वतःचं बेअरिंग!

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं बातमीदारी केली. मंत्री पाहिले, ठेकेदार पाहिले, पडलेल्या भिंतीशेजारी उभं राहून "भिंत कुठाय?" विचारणारे साहेब पाहिले. पण "चूक माझी" म्हणणारा एक माणूस भेटला नाही. एक! आणि त्या रविवारी चार भेटले. एकदम चार! आणि चौघंही माझ्याच गाडीवर तुटून पडलेले!

झालं असं की, पोरीला नोकरी लागली. पहिलीच. पाच तासांवरच्या शहरात, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, सोमवारी सकाळी नऊला हजर. आणि अट काय, तर स्वतःची गाडी हवी, कारण पाण्याचे नमुने गोळा करत गावोगाव फिरायचं. मी म्हटलं, माझी ने. बारा वर्षांची आहे, पण खणखणीत. फक्त एक आवाज येतो. ठक्... मग जरा दम खाऊन, ठक्-ठक्. महिनाभर येत होता. गॅरेजवाल्यानं तीनदा पाहिली आणि तिन्ही वेळा तेच, "साहेब, बिनधास्त चालवा, गाडी आहे, वाजणारच!" हे उत्तर मी ओळखतो. हेच उत्तर मला पाणीपुरवठा खात्यात मिळतं.

पण आमची ही... तिनं शनिवारी फर्मान काढलं. "तो आवाज गेल्याशिवाय माझी पोर त्या गाडीत पाऊल टाकणार नाही. आणि अंधार पडायच्या आत पोचायचं, म्हणजे दुपारी एकला निघायचं. एकपर्यंत आवाज गेला तर ठीक, नाहीतर कळवून टाका त्यांना, येत नाही म्हणून."

पोरगी माझ्याकडे बघते. मी भिंतीकडे बघतो. मग हिनंच फोन उचलला आणि भावाला लावला. आणि तिथून माझ्या रविवारचं वाटोळं सुरू झालं!

माझा मेहुणा चाकांची बेअरिंगं बनवतो. एकोणीस वर्षं. आठवड्याचे सहा दिवस तो गाडीची बेअरिंगं घासतो, आणि सातव्या दिवशी, सुट्टीचा म्हणून, काय करतो? गाड्या बघतो! लग्नाला गेला तर नवरा-नवरीआधी पार्किंग बघून येतो. अहो, मिठाईच्या दुकानातला माणूस घरी पेढा खात नाही, पण या माणसाचं गाड्यांनी पोटच भरत नाही! आणि एकटा नाही हो, टोळी आहे. चौघं जण, चार कारखाने, चार पार्ट. चौघांत मिळून स्वतःची एक जुनी गाडी घेतलीय. सहा वर्षं झाली. चालते का? छे! सहा वर्षं खोललेलीच आहे. दर रविवारी जमतात, थोडी आणखी खोलतात, आणि तृप्त होऊन घरी जातात.

सकाळी सातला दारात हजर. मेहुण्यामागे एक काका, खड्ड्यांचे दणके खाणारी गाडीची रबरी बुशं बनवण्यात आयुष्य गेलं, दोन वर्षांमागे निवृत्त झाले पण हाताचा वास अजून रबराचा, म्हणून मी त्यांना रबरकाका म्हणतो. मग एक ताई, गिअर तपासणीवर असतात, चष्मा कपाळावर, खिशात छोटा आरसा, पावडर लावायचा नव्हे, गिअरच्या मागचा नंबर वाचायचा. आणि चौथा हॉर्नवाला. हा दिवसभर हॉर्न तपासतो, त्यामुळे याला ऐकू कमी येतं आणि आपल्याला मात्र हा जास्त येतो. "नमस्कार साहेब!!" म्हणाला, आणि शेजारच्यांच्या खिडकीतून दोन डोकी बाहेर.

मी म्हटलं, चहा घ्या. कसला चहा! "चहा नंतर, आधी फिरवा."

चौघांना बसवलं आणि निघालो. चौघांनीही डोळे मिटले. अहो, मी चालवतोय आणि गाडीत चार समाध्या! वळण आलं. ठक्.

"ऐकलंत?" मेहुणा उडालाच. "वळणावर वाजलं! वळणावर वजन बाहेरच्या चाकावर जातं. म्हणजे बेअरिंग. म्हणजे माझंच!"

पुढे खड्डा, ज्यावर मी तिसरी बातमी लिहिली होती तो. ठक्-ठक्. रबरकाका हळूच, जणू कुणी गेल्याची बातमी सांगावी तसे, "खड्ड्यात वाजलं, बाळांनो. बुश गेलंय. माझं आहे ते."

मी पायडल सोडलं. ठक्! ताई म्हणाल्या, "पाय काढला की वाजतं. गिअरचा दात. कुणी सांगायची गरज नाही, आमच्याकडचाच."

आणि हॉर्नवाला? दोन्ही तळवे पुढच्या पत्र्याला टेकवून बसलेला. "मला काही ऐकू नाही आलं!! पण हाताला लागलं!! हॉर्नची पट्टी सैल आहे!! माझा पार्ट!!"

मी म्हटलं, मारामारी होणार. झालीच. पण कशावरून? तुम्ही म्हणाल, एकमेकांवर ढकलायला लागले असतील. अहो, नाही! ओढत होते! स्वतःकडे!

"काका, तुमचं बुश कशाला वाजेल, बेअरिंगच आहे."

"तू शिकवू नको मला. माझ्या हयातीत तुझं बेअरिंग वाजलेलं नाही. बुशच."

"दोघं गप्प बसा," ताई म्हणाल्या, "माझं झाकायला जाऊ नका. चुकलं तर चुकलं!"

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं बातमीदारी केली! शाळेची भिंत पडली तेव्हा मी सात कार्यालयं फिरलो. पाया आमच्याकडे येत नाही, विटा आमच्याकडे येत नाहीत, रंग आमचा होता पण रंग पडलेला नाही, तो भिंतीवर शाबूत आहे... सात कार्यालयं! आणि इथं? एक ठक्, आणि तिच्यावर मालकी सांगायला चौघं! त्या भिंतीला असा एक जरी माणूस मिळाला असता ना...

मग गाडी आणली दारात, चढवली जॅकवर, जॅकसुद्धा त्यांचेच, आणि सुरू झाले. मेहुण्यानं चाक काढलं, बेअरिंग काढलं, पुसलं आणि बोटांत फिरवलं. नुसतं फिरवलं हो, जसं आपण झोपलेल्या लेकराचा गाल... "भाऊजी, ही गोळी बघा. केसाचे उभे वीस भाग करा. त्यातल्या एका भागाइतकी जरी वाकडी असेल ना, तरी आम्ही टाकून देतो." मी म्हटलं, "कुणाला कळणार आहे?" माझ्याकडे असं बघितलंन जणू मी लाच मागितली. "मला कळेल ना!"

ताई गाडीखाली शिरल्या, आरसा लावला, नंबर वाचला. "मंगळवारची दुसरी पाळी. त्या दिवशी वीज दोनदा गेली होती. मी तिथंच होते." बारा वर्षांपूर्वीचा मंगळवार! मला आमच्या लग्नाची तारीख आठवत नाही, यावरून घरात खटला चालू आहे, आणि या बाईंना माझ्या गाडीच्या दाताचा जन्मदिवस पाठ!

आणि रबरकाकांनी बुश काढलं. चिखलानं माखलेलं, मुठीएवढं काळं रबर. अंगठ्यानं पुसलं. आत एक खूण होती, बारीक, चांदणीसारखी. काका खालीच बसले. "माझ्या रबर दाबायच्या प्रेसची खूण. माझ्या हातचं आहे." नख रोवलं, सोडलं. रबर परत जागेवर. "बारा वर्षं तुमचे खड्डे खाल्लेत यानं, साहेब. अजून नरम आहे." तुम्हाला खोटं सांगत नाही, मी रुमाल काढून नाक पुसलं, आणि मी म्हणजे कोण? मंत्र्याच्या रडण्यावर "मंत्र्यांना सर्दी" असा मथळा दिलेला माणूस!

पण आवाजाचं काय? बेअरिंग चोख. दात चोख. बुश चोख. हॉर्नवाल्यानं पट्टी काढून, घासून परत बसवली आणि गल्लीभर हॉर्न वाजवून पाहिला, तोही चोख. पावणेबारा. गाडी तीन पायांवर उभी, माझ्या अंगणात माझ्या गाडीचे साठ तुकडे एका चादरीवर, आणि चौघं माना खाली घालून बसलेले. "आमचंच काहीतरी चुकतंय, भाऊजी." आमची ही दारात, हातात फोन. "कळवू का त्यांना?" पोरगी उंबऱ्यात, डोळे भरलेले, पण हट्टी, माझ्यावर गेलीय, म्हणाली, "आई, अजून सव्वा तास आहे. मी बॅग ठेवून घेते गाडीत." आणि गेली मागे, आणि उघडली डिकी.

आता मला सांगा, डिकी कुणी का नाही उघडली? चार तज्ज्ञ, पावणेपाच तास! मी नंतर विचारलं तेव्हा मेहुणा खजील होऊन म्हणाला, "भाऊजी, डिकीत आमच्यापैकी कुणाचंच काही नसतं हो."

पोरीनं बॅग ठेवायला खालचा गालिचा सरळ केला, तर काहीतरी टोचलं. उचलला. खाली जादा चाकाचा खड्डा. त्यातून तिनं दोन्ही हातांनी ओढून काढली... पितळेची, हातभर लांब, लाकडी ठोकळ्यावर बसवलेली लेखणी. ती धरून ती सगळ्यांसमोर आली आणि खालचं मोठ्यानं वाचलंन, "निर्भीड पत्रकारितेबद्दल सस्नेह."

ठोकळा खाली फरशीवर ठेवून ढकलला. ठक्... ठक्-ठक्.

चार जोड्या डोळे माझ्यावर.

आठवलं मला. दोन वर्षांमागे मिळाली होती. घरात फळीवर मावेना, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून तिथं ठेवली, तात्पुरती. आणि गेल्या महिन्यात काच पुसायला कागद हवा होता, तेव्हा... तेव्हा हाताला लागला तो कागद ओढून घेतला. वळणावर घरंगळत होती, खड्ड्यात उडत होती, पाय काढला की पुढे सरकत होती. प्रत्येकाचं ऐकणं बरोबर होतं हो! शंभर टक्के बरोबर!

मेहुणा अगदी मायेनं म्हणाला, "भाऊजी, म्हणजे चूक..."

आणि माझ्या तोंडून काय निघावं? माझ्या! "या टप्प्यावर त्याविषयी भाष्य करणं उचित ठरणार नाही."

ही हसली हो! भावाच्या खांद्याला धरून हसली! पण ते चौघं? मला वाटलं, आता चिडतील, अख्खा रविवार गेला. काका म्हणाले, "बुश चांगलं निघालं ना? झालं तर!" आणि लागले जोडायला. साठ तुकडे, एक चादर, एक तास. एक स्क्रू उरला नाही! एकला पाच मिनिटं कमी असताना चाकं जमिनीवर.

पोरगी सगळ्यांच्या पाया पडली. काकांच्या पडली तेव्हा ते म्हणाले, "पोरी, खड्डा आला तरी घाबरू नको. मी आहे खाली." आणि ती गेली. गाडी कोपऱ्यावर वळली. आम्ही सगळे कान टवकारून उभे. काही नाही. नुसती गेली.

फाटक एकदम मोठं वाटायला लागलं. ही डोळ्यांना पदर लावून आत गेली. तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं बातमीदारी केली, पण तेव्हा आतून काहीतरी ढकलत होतं. मी पितळी लेखणी हातात धरली, घसा साफ केला आणि मोठ्यानं, स्पष्ट, प्रत्येक अक्षर सुटं करून म्हणालो, "मंडळी, चूक माझी होती."

मागे वळून बघतो तर कुणी नाही! समोरून शेजाऱ्यांची गाडी गेली होती, कर्र-कर्र करत, आणि चौघं तिच्यामागे पळत होते. "थांबा हो! थांबा! तो माझाच पार्ट आहे!"

एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खरोखर केलेली चूक कबूल केली... आणि घटनास्थळी एकच बातमीदार, तोही आरोपी!