नाटकातला नवरा मेला तेव्हा

नाटकात काम करायचं असेल तर घरच्यांना गोष्ट आधी सांगून ठेवा बायांनो. मी नव्हती सांगितली.

बुवापाड्यात आमच्या गणपतीला दरवर्षी घरगुती, हसायचं-रडायचं नाटक बसायचं. त्या वर्षी मला पहिल्यांदा काम मिळालं, तेही थोरल्या सुनेचं. सासूनं कशीबशी परवानगी दिलेली. आमच्या ह्यांच्याकडे पडदा ओढायचं काम होतं.

पहिला अंक हसण्यात गेला. दुसऱ्यात नवरा गेल्याची तार येते आणि मी रडत कुंकू पुसते. मी पदर कपाळाला लावला मात्र, पहिल्या रांगेतून सासू उठली ती थेट स्टेजवर.

"खबरदार पुसशील तर! माझा पोरगा जिता आहे, तिकडे पडदा ओढतोय!" असं म्हणून तिनं ह्यांना दंडाला धरून सगळ्यांसमोर आणून उभं केलं. पोरं शिट्ट्या मारायला लागली. माझं पहिलंवहिलं काम पाण्यात चाललेलं. मी ओरडले, "अहो आई, हे नाही मेले, माझा नाटकातला नवरा मेलाय!"

"मग त्याची बायको पुसेल की! तू कशाला पुसतेस?"

शेवटी कपाळभर कुंकू ठेवूनच मी विधवा झाले, तेव्हा कुठे ती खाली उतरली.

पुढच्या वर्षी मंडळाची माणसं घरी विचारायला आली. मला वाटलं, आता ही हाकलते सगळ्यांना. तर सासू म्हणाली, "करू दे तिला काम. पण या वेळेला कुणाला मारायचंच असेल, तर हिला मारा."