पहिली काकडी

निर्मला तलासरीच्या स्टँडवर कंपनीच्या बसची वाट बघत बसली होती. रोज शिडी चढून गुडघे गेले होते, आज साहेबांना 'हे काम आता जमणार नाही' असं सांगायचं ठरवून ती निघाली होती. मागच्या बाकावर मायलेकी बोलत होत्या.

"आई, ही काकडी कंपनीत कशाला?"

"वेलाची पहिली आहे. तुला ज्याने वाचवलं त्याच्यापुढे ठेव."

"अगो, ते यंत्र आहे. भिंतीवर बसवलेला डोळाच समज. आगीची धग लांबून ओळखतो आणि भोंगा वाजवतो."

"तुला नाय दिसली आग?"

"स्पिरिट सांडलेलं. त्याचा जाळ भर उन्हात दिसतच नाही. मी म्हटलं, भोंगा उगाच वाजतोय, आणि सरळ तिकडेच निघालेले. सगळ्यांनी मागे ओढलं."

"माणसाला नाय दिसलं ते त्याला दिसलं. मग देवच तो."

"कसला देव. काचेवर धूळ बसली की आंधळा होतो."

"धूळ कोण पुसतं?"

"आहे कोणी बाई. आम्ही कपडे बदलतो तेवढ्यात पुसून जाते म्हणे. मी कधी बघितली नाही."

"मग तिलाच दे काकडी. यंत्राला काय दात आहेत?"

बस आली. निर्मला घाईने उठली, तसं तिच्या पिशवीतून काहीतरी खाली पडलं. म्हातारीने ते उचलून झटकलं.

"बाई, तुमचं फडकं. किती मऊ आहे. कशाला लागतं?"

"काच पुसायला," निर्मला म्हणाली.