फेकणारीची अट

(सकाळ. मोकळं मैदान. बायकोच्या हातात फोमचं जेट विमान, नवऱ्याच्या हातात रिमोट.)

बायको : थांबा, मला आधी नीट समजू द्या. हे उडालं तर मागची खोली कायमची तुमची. नाही उडालं तर तिथला फोमचा सगळा पसारा बाहेर आणि माझा शिवणवर्ग आत. बरोबर?

नवरा : बरोबर. शब्द दिलाय मी.

बायको : आणि फेकायचं मी.

नवरा : याला चाकं नाहीत, हातानंच सोडावं लागतं. माझे दोन्ही हात रिमोटवर.

बायको : म्हणजे जिला हे पडण्यात फायदा, तिच्याच हातात दिलंत. अहो, आणि तुम्ही बँकेत लोकांची कर्जं मंजूर करत होतात.

नवरा : दुसरं आहे कोण इथे?

बायको : ते काय तिकडे, भावजी उभे आहेत त्यांचं नवं कोरं विमान घेऊन.

नवरा : साडूला सांगू? त्यापेक्षा रिमोट दातात धरीन. परवा तुझ्या ताईसमोर काय म्हणाला? विकतचं ते विकतचं, तुमचं म्हणजे शाळेच्या प्रदर्शनातलं.

बायको : चुकीचं काय म्हणाले? स्प्रेचा रंग मारलात तर अख्खा पंख विरघळला. मी चहा घेऊन आले, तर तुम्ही त्या डब्याकडे असे बघत होतात, जणू त्यानं तुमचा विश्वासघात केलाय. मग वेग हवा म्हणून शेपटीतला पंखा काढून मोठा बसवलात, तर हे मागेच बसायला लागलं.

नवरा : आता जमलाय तोल. बॅटरी पार नाकापर्यंत सरकवली. पंखांखाली दोन्हीकडून एकेक बोट धर. नाक जरासं खाली झुकतंय ना? तस्संच हवं.

बायको : झुकतंय. मालकापेक्षा नम्र आहे.

नवरा : चेष्टा पुरे. ऐक. पंखा पूर्ण वेगात आला की मी सांगतो. मग जोरात, समोर, नाक किंचित वर. हळू सोडलंस तर इथेच मातीत घुसेल.

बायको : हे सांगायला नको होतंत. पाडायचं कसं, तेही कळलं आता.

नवरा : अगं, निवृत्त झाल्यापासून मी पूर्ण केलेली ही एकच गोष्ट आहे.

बायको : माहीत आहे मला. खोली मला हवीच आहे. पण तिच्याबरोबर तुमचं वर्षभर पडलेलं तोंड येणार, ते कुठे ठेवू मी? चला, द्या वेग.

नवरा : दिला. सोड.

बायको : हे घ्या.

नवरा : गेलं. अगं, चढतंय. बघ, बघ.

बायको : मी बघतेय. तुम्ही माझ्याकडे नका बघू, तिकडे झाड आहे.

नवरा : वळवलं. कसं अलगद वळतंय!

बायको : आवाज आपल्या मिक्सरचा आहे.

नवरा : मिक्सर एवढा वर जातो का? गप्प बस आता, उतरवतोय. हळू… हळू… टेकलं. गवतात टेकलं, साधा ओरखडा नाही.

बायको : छान. गेली माझी खोली. भावजी येतायत, छाती जरा आत घ्या.

साडू : साडूभाऊ, उडालं की! मानलं बुवा.

नवरा : घरी बनवलेलं आहे.

साडू : ते असू दे. मेहुणीबाई, हात काय आहे हो तुमचा! माझं सकाळपासून नाकावर आपटतंय. रिमोट काखेत धरून एका हातानं फेकतोय, जमतच नाही.

बायको : ताईला का नाही आणलंत?

साडू : ती म्हणते, तुमची खेळणी तुम्हीच फेका. तुम्ही फेकाल का? आज, आणि पुढेही?

बायको : दर रविवारी फेकीन. फक्त ताईकडे माझं एक काम आहे, त्यात तुम्ही मोडता घालायचा नाही.

साडू : बहिणीबहिणींचं काम, मी कशाला मध्ये येऊ? दिला शब्द.

बायको : यांच्यादेखत दिलात हं. आलेच ताईला फोन करून, मग फेकते.

साडू : करा, करा. तोवर मी बॅटरी जोडतो.

बायको : झालं बोलणं. द्या इकडे ते विमान. हं, वेग द्या. सोडलं, भावजी, सांभाळा.

साडू : आलं, आलं ताब्यात. वा! बघतच राहा आता. मी जरा तिकडे पुढे जातो, ऊन डोळ्यांवर येतंय.

नवरा : त्याचंही उडालं की गं. तोंड वर करून हसतोय बघ, शाळा सुटल्यासारखा.

बायको : हसू द्या.

नवरा : मला मात्र चुटपुट लागली. तू इतकं मनापासून फेकलंस आणि खोली मलाच. वर्गाचं काय करणार?

बायको : उद्यापासून सुरू.

नवरा : कुठे?

बायको : ताईकडे, पुढच्या हॉलमध्ये. जागा ऐसपैस, उजेडही चांगला.

नवरा : म्हणजे माझी खोली राहिली, तुझा वर्ग झाला, त्याचं विमान उडालं. मग यात गेलं कुणाचं?

बायको : हळू बोला. मशीनसाठी ताई आत्ता भावजींचा सोफा मागच्या व्हरांड्यात हलवतेय. आधी नीट उतरवू दे त्यांना.