काचेचा कौल

न्हाय, लखनभाऊ, त्यो स्क्रू फिरवायच्या आधी माझं ऐकून घ्या — काच बिघडलेली न्हायच मुळी. बिघडली असती तर रोज अडली असती का न्हाय? रोज कुठं अडती? कोऱ्हाळ्यात दळणाला गेलो, वर जाती. बारामतीत बाजाराला आलो, वर जाती, लोण्यासारखी. आन निकितासाठी पोरगा बघायला गेलो, की वरपर्यंत जाती-जाती आन तितनं आपसूक माघारी. सरळ खाली. कुणी बोट लावत न्हाय. आता ह्याला तुमी बिघाड म्हणा, मी ह्याला कौल म्हणते. — हसा, हसा. आमचे हे बी हसले होते, म्हंजी मिशी हलल्यागत झाली, त्यांचं तेवढंच हसू. त्यांनीच गाडी तुमच्या दारात लावली आन "आलोच" म्हणून गेले. कुठं गेले? मला इचारता? बावीस वर्षांत सांगितलं न्हाय कधी, आज का सांगतील. च्या? चालंल की. संकष्टी हाय, पर च्याला बंदी न्हाय. साखर घाला वाईच.

तर कौल. गावात गुरव न्हाय का देवाच्या दोन्ही खांद्यांना फुलं चिकटवून बसत — उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर थांबा — तसंच हे. पहिला पोरगा निमगाव केतकीचा, डाळिंबाची बाग, दोन मजली घर. निघताना काच लावाया गेले तर ही खाली. परत लावली, परत खाली. मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी रस्त्याकडं. चार दिवसांनी कळलं, पोरगा घेतो. म्हंजी औषधापुरती न्हाय, चांगली घेतो. दुसरा इंदापूरचा, मास्तर. त्यांच्या दारात बी तसंच, काच खाली. त्याचं तर आधीच एका पोरीशी ठरलेलं निघालं, आईबापालाच पत्ता न्हाय. मग? सांगा की. दोनात दोन. ज्योतिषाला एवढं जमत न्हाय, लखनभाऊ, त्यो एकवीस पानांची पत्रिका करतो आन शेवटी लिवतो 'प्रयत्न करावा'.

आन तिसरा डाळजचा. अविराज. तरकारी करतो, मिरची, दोडका, कारली — पाण्याची जमीन हाय, सवता टेम्पो भरून मार्केटला नेतो. निकितानं त्याच्याशी अर्धा तास बोलून घेतलं आन आत येऊन मला म्हणली, "आई, चालंल." चालंल म्हणली, पर कान लाल झाले होते. त्याची आई — फुलाबाई — लई साधी बाई, माझ्या कपाळाला कुंकू लावलं, निघताना ओटी भरली, गाडीपर्यंत आली. आन तिच्यासमोर, तिच्या अंगणात, ही काच. वर. खाली. वर. खाली. लई वेळा. त्या माऊलीला वाटलं मी टाटा करतेय, ती बी दर वेळंला हात हलवत ऱ्हायली.

मी काय केलं? देवाचा शब्द मोडायचा व्हय? निरोप धाडला, योग दिसत न्हाय म्हणून. तवापासनं चार आठवडं झालं, निकिता माझ्याशी 'हूं'वर आली. जेवतीस का? हूं. दूध तापवलंस का? हूं. परवा मात्र बोलली. म्हणली, "आई, नकार द्यायचा तर तोंडानं द्यायचा, आन कारण सांगून द्यायचा. फुलामावशींना म्हण, पोरगा चांगला हाय, घर चांगलं हाय, पर आमच्या गाडीची काच नको म्हणती." आता हे मी कसं बोलू, तुमी सांगा? त्यांच्याकडं दुसरी एक सोयरीक आलीय, ते आज सांजच्याला तिला हो म्हणणार, निकिताचा हट्ट, त्याच्या आधी आमी डाळजला पोचायचं आन हे बोलायचं. सकाळधरनं घोकतेय. "फुलाबाई, त्याचं काय झालं, आमची काच..." पुढं जीभ सरकतच न्हाय. आन पोराला नाव ठेवावं तर ठेवायला काय तरी सापडाय पायजे! त्यांच्या चुलत्याला इचारलं, दूधवाल्याला इचारलं, टेम्पोच्या ड्रायव्हरला इचारलं. एक अवगुण सापडला, घोरतो. त्यो बी त्याच्या आईनंच सांगितला.

हां, काढा, काढा ते आतलं पुठ्ठ्यासारखं. मी काय हात धरलाय तुमचा? — अगं बया, दाराच्या आत एवढं सगळं असतं व्हय! मला वाटायचं काच आन पत्रा. ही वायर कसली? बटनाची. बटन दाबलं की निरोप ह्या डबीत जातो, डबी मोटरीला सांगती. आन ही तार? कप्पीवरनं फिरती... म्हंजी रहाटच की हो! मोटर तार ओढती, तार त्या खालच्या पट्टीला ओढती, आन पट्टीत काच बसवलेली. बादलीसारखी. एवढुशी मोटर आन एवढी काच उचलती, कवतिक हाय. — मग माघारी का येती? तेच तर म्हणते मी... थांबा, सावकाश सांगा. वर जाताना मधी काय आडवं आलं की मोटरीला जोर लागतो. बरं. जोर लागला की डबीला कळतं. कसं कळतं, तिला काय डोळं हायत? — हां! आमच्या हिरीवरची मोटर गाळात फसली की लोड घेती आन स्टार्टर पडतो, तसं. एवढं सरळ सांगा ना मग. पर हितं स्टार्टर पडत न्हाय, डबी म्हणती, कुणाचा तरी हात सापडला, लेकराची मान सापडली — आन काच माघारी घेती. शानी हाय की.

पर माझा हात कुठं होता मधी? मी तर मांडीवर ठिवला होता. — किती खाली घेते? काच? एरवी चार बोटं. धूळ किती असती! पाव्हण्यांच्या दारात मात्र सगळी खाली घेते, घर नीट दिसाय नको? आन आज घरनं निघताना घेतली... निकिता दारात उभी होती. म्हटलं, हात तरी हलवंल. न्हाय हलवला. मग काच बी वर आली न्हाय, दोघी एका मताच्या. — का इचारता? सगळी खाली गेली की पट्टी दाराच्या तळाला टेकती, म्हणून? आन तळाला काय असलं तर उचलून आणती आन वर अडकती? तळाला काय असणार, आमी काय दारात धान्य भरून ठेवतो?

काय सापडलं? दावा. उजेडात धरा.

अगं बाई.

न्हाय, न्हाय, टाकू नका! चिमट्यात धरू नका असं, हात धुवा आधी. सुपारी न्हाय ती. म्हंजी सुपारीच हाय, पर... बघा, एका अंगाला चपटी, आन हे कुंकू. गणपती हाय माझा. लखनभाऊ, तुमाला म्हणून सांगते, ह्यांना बोलाल तर ह्या चतुर्थीची शपथ हाय. निमगावला पहिला पोरगा बघायला गेलो ना, तवा घरात पूजा मांडली आन ह्या गणपतीला संगं घेतलं. म्हटलं, देवानं सवताच बघावा पोरगा, परत तक्रार नको. त्यांच्या गल्लीत वळलो तशी काच सगळी खाली घेतली आन सुपारी धरली खिडकीत — "बघ रं बाबा, दोन मजली हाय" — आन आला की स्पीडब्रेकर! ह्यांनी काय बघितला न्हाय. हातातनं गेली. मला वाटलं रस्त्यावर पडली. आता देव हरवला म्हणून सांगायचं कुणाला? पोलिसात जायचं? वर्णन काय द्यायचं? घरी येऊन अकरा संकष्ट्या बोलले, दुकानातनं दुसरी सुपारी आणून चौरंगावर ठिवली, आन तवापासनं रोज तिच्याकडं बघून वाटायचं, ही बदलीवर आलीय. आन ह्यो हितं! माझ्या कोपराशी! आठ महिनं अंधारात, ग्रीस खात!

तरी मग कौल खराच की! देवच बसला होता आत, त्यानंच काच... काय? हसू नका. — व्हय, टाकला मीच. आन काच सगळी खाली बी मीच घ्यायची. व्हय.

व्हय.

आता एवढं बोललेच हाय तर... सोळा सोमवार केले मी निकिताच्या लग्नासाठी. मिठाचा खडा तोंडात घातला न्हाय त्या दिवशी. महादेवाला म्हणायची, पोरीला चांगलं घर दे. तोंडानं म्हणायची. आन मनात काय म्हणायची, माहिताय? एवढं वर्ष नको. एवढी दिवाळी होऊ दे. एकाच घरातनं दोन अर्ज, एकमेकाच्या उलटे, आन सही एकाच बाईची! देवानं करावं तरी काय? आमच्या घरात बोलणारी ती एकटी, लखनभाऊ. हे दिवसाला चार शब्द बोलतात, त्यातले दोन गाईला. निकिता लॅबमधनं आली की चप्पल काढायच्या आधी तिचं सुरू होतं, आज कोणच्या गवळ्यानं दुधात किती पाणी घातलं. ती गेल्यावर मी काय त्या बदलीच्या सुपारीशी बोलू? पहिल्यांदा काच खाली आली ना, तवा खरं सांगते, बरं वाटलं मला. देव माझ्या बाजूचा हाय असं वाटलं.

काय करून दावता? माझं केळं? उपासाचं हाय त्ये, पिशवीत एकच हाय. चिरडंल. न्हाय चिरडत म्हणता? बघा हां, चिरडलं तर तुमी आणून द्यायचं. धरा मग. आडवं धरा. दाबा बटन.

... आली की माघारी. केळ्याला नख लागल्यागत बी न्हाय.

म्हंजी ती 'नको' म्हणत नव्हती. 'हात हाय कुणाचा तरी, आधी त्यो काढा' म्हणत होती. आन मी निरोप धाडून मोकळी.

— सात येळा उगं खालीवर झाली न्हाय म्हणता... व्हय... थांबा. सात? मी सात कुठं म्हणले? मी 'लई वेळा' म्हणले. सात हा आकडा गाडीत बसलेल्या तिघांनाच माहीत, त्यातली एक मी, आन निकिता तर तुमाला वळखत बी न्हाय. इकडं बघा, लखनभाऊ. काल फोन आला होता तुमाला? — मान हलवू नका, बोला. आला होता. काय म्हणाले? "मंडळी येतील, काच कशी चालती त्ये नीट समजून सांगा, घाई करू नका." एवढं बोलले? मोजा बरं, किती शब्द झाले? माझ्याशी तीन आठवड्यात एवढे न्हाय झाले! मग मलाच का न्हाय सांगितलं? ... मी ऐकलं असतं व्हय. न्हाय ऐकलं असतं. म्हटलं असतं, तुमाला देवाधर्माचं काय कळतंय. पाटीवर नाव लिवलंय बघा गाडीच्या मागं, मोहनराव. घेतलं नाव, घेतलं, ऐकू द्या. असा माणूस हाय त्यो. बायकोला समजवायला गॅरेज लावतो.

आन ते बघा. रस्त्याच्या पल्याड, लिंबाखाली. कधीचे उभे हायत कुणास ठाऊक, हिकडं यावं का न्हाय म्हणून. पाठीमागं काय धरलंय? खोका हाय. पेढ्याचा हाय. किलोचा! मी डाळजला जाऊन काय बोलणार हे मला माहीत नव्हतं आन ह्यांनी पेढे घेतले!

ती सुपारी द्या हिकडं, पदराला बांधते. घरी दूध-पाण्यानं धुवीन, आता दोन गणपती नांदतील. फुलाबाईला सगळं सांगणार हाय मी, निकितानं कारण सांगायचं म्हटलंय ना, सांगते. देव दारात अडकला होता म्हणते, आन पाडला मी होता म्हणते. हसली तर हसू दे. हसणारी सासू बरी.

आले, आले. गप. तुमी मला काय सांगितलं न्हाय आन मी तुमाला काय बोलले न्हाय. लावा त्यो पुठ्ठा पटापटा. — काय न्हाय हो, काच बघत होतो. झाली. बसा तुमी, चला, डाळजला उशीर होईल. आन त्ये मागं काय लपवलंय, द्या माझ्या मांडीवर. मला धरता येतं, ह्यापुढं खिडकीत काय धरत न्हाय. काच लावून घेते, पेढ्यांवर धूळ नको.

लखनभाऊ, हात काढा खिडकीतनं.