गंगेचा गडू

राजोडीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे दोन म्हातारी भावंडं उभी होती. बहीण नुकतीच गंगोत्रीहून आलेली, भाऊ तिला घरी न्यायला आलेला.

"दिनूदादा, गंगेचा गडू आणलाय. आईनं ओतला होता तसाच वाडीतल्या विहिरीत ओतू."

"नको गं, जया. विहीर खारी झाली. पानवेली गेल्या, आता केळीही जळतायत."

"अरे देवा! कशानं?"

"दर्या आत सरकतोय. आणि आम्ही शहाणे, टँकरवाल्यांना गोडं पाणी उपसू दिलं. ते जाऊ दे. गोमुखाचा बर्फ बघितलास?"

"लांबूनच. फोटोत आई बर्फाला हात लावून उभी आहे ना, तिथं आता नुसते धोंडे. बर्फ पार मागं गेलाय."

"एवढा गेला कुठं?"

"वाटाड्या म्हणाला, वितळून शेवटी समुद्रालाच मिळतो."

"म्हणजे आपल्याच विहिरीत आला की."

"असं नको रे बोलूस."

बस आली.

"मग या गडूचं काय करू, दादा?"

"फोडू नकोस. देव्हाऱ्यात ठेव. जाताना तरी माझ्या तोंडात गोडं पाणी पडू दे."