छापलेला राक्षस

...नाही, तुम्हीच सांगा, राक्षस मारला हा काय गुन्हा झाला? दुनिया राक्षस मारते अन् गळ्यात हार घालून घेते, मी एक मारला तर माझी सख्खी माय माझ्याशी बोलंना झालीय! तुम्हाला सांगतो, माणसानं काय वाट्टेल ते करावं, कादंबरी लिहू नये. लिहिली तर छापू नये. का? तर छापलं की खरं!

झालं काय, लातूर जिल्हा झाला. आम्ही उदगीरकडच्या लोकांनी गुलाल उधळला, म्हटलं आता साहेब येतील, नळ येतील, पाणी येईल... आलं काय? साप्ताहिक! माझा वर्गमित्र शेषेराव त्याचा संपादक. आला धापा टाकत, "रामकिशन, पाऊस न्हाई, पीक न्हाई, बातम्या तरी कुठल्या आणू? पानं रिकामी हायत गड्या, एखादी भुताची कादंबरी दे, हप्त्या-हप्त्यानं छापू!" आता मी शाळामास्तर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, भूतखेत मानणार नाही म्हणून माझ्या बापानं छप्पन सालीच दीक्षा घेताना हात वर केलेला... पण म्हटलं, मानायचं कुठंय, लिहायचंय! घेतली लिहायला, 'बारवेचा धनी'. नायक रुद्रसेन, राक्षसांचा शिकारी, हातात मंतरलेला भाला. राक्षस राहतो दगडी बारवेच्या तळाशी, अन् पायऱ्या उतरून पाण्याला जाईल त्याचं नरडं दाबतो. बारव म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढं आमच्याच गावची येणार ना, दुसरी पाहिलीय कुणी? तीही मी लांबूनच पाहिलेली.

लांबून का, ते विचारा की! आमच्या वस्तीचा पाय त्या पायरीला लागायचा नाही. कायदा कधीचाच झाला, पण काठावर गावचे पाटील आप्पासाहेब काठी घेऊन बसलेले. शिवी नाही, दम नाही, आवाज कसा, तर साखरेत घोळलेला. "नागुबाई, तू कशाला तरास घेतीस? थांब तितं, कुणीतरी वाढंल की तुला पाणी." अन् माझी माय घागर घेऊन थांबायची. चांगल्या सालात कुणीतरी वाढायचं. दुष्काळात कोण वाढतंय?

तर शेषेरावानं काय दिवे लावले, माझा हप्ता टंचाईच्या बातमीखाली चिकटवला, कादंबरी हा शब्दच गाळला, वर स्वतःच्या अकलेनं आमच्या गावाचं नाव घातलं! मडिवाळप्पाच्या दुकानात मोठ्यानं वाचन झालं, अन् गाव गार! दुसऱ्या दिवशी बारवेवर चिटपाखरू नाही. आप्पासाहेबांची तर एकदम कंबरच धरली, घराबाहेर येईनात. मी दारोदार फिरलो, "अहो, तो माझ्या डोक्यातला हाय!" मडिवाळप्पा डोळा बारीक करून म्हणतो, "मास्तर, तुमी लपवायलात. असं कसं न्हाई? छापून आलंय की!" घ्या! छापलं की खरं!

मग भ्यालं नाही कोण? माझी माय. पदर खोचला अन् गेली सरळ पायऱ्या उतरून, जन्मात पहिल्यांदा. वर आली तर घागर काठोकाठ. वस्तीतल्या बाया विचारतात, "नागुबाई, धनी भेटला का वं?" माय म्हणते, "भेटला की! म्हणला, बाई, अजून दोन खेपा ने." मग काय, अख्खी वस्ती बारवेवर! एकदा मी पाहिलं, माय खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसली होती, काही न करता, नुसती. तुम्हाला सांगतो, शाळेच्या भिंतीआड जाऊन रडलो मी, खोटं कशाला बोलू?

अन् तिकडं गाव टँकरची वाट बघतंय. टँकर आला तर आला. एक दिवस रत्नम्मा दारात, वाण्याच्या गल्लीतली म्हातारी, काखेत नातू, त्याचे ओठ फुटलेले. "यप्पा, मास्तर, लेकरू सुकून चाललं! मारा की वं त्या राक्षसाला!" मायनं घागर पुढं केली, "घे बाई, आदी पाज त्याला." म्हातारीनं घागरीकडं पाहिलं, मायकडं पाहिलं, मागं गल्लीकडं पाहिलं... अन् रडत रडत तशीच निघून गेली. राक्षसाला भ्याली ते समजलं. माझ्या मायच्या घागरीला का भ्याली?

त्या पोराचे ओठ काही डोळ्यापुढून जाईनात. राक्षस ठेवावा तर ते लेकरू तहानलेलं, मारावा तर माय पुन्हा काठावर! मग मला अक्कल सुचली. म्हटलं, छापलं की खरं ना? थांबा! रुद्रसेनानं राक्षस तर मारलाच, वर भाला रोवून गर्जना केली, 'आजपासून या बारवेचं पाणी सगळ्यांचं!' अन् सारं गाव, सारी वस्ती, एका पायरीवर उभं राहून पाणी भरतंय, असा शेवट केला. शेषेरावाला बजावून आमच्या गावाच्या नावासकट छापून घेतला.

मडिवाळप्पाच्या दुकानात वाचन झालं. अन् गाव धावलं की हो बारवेकडं! रत्नम्माचा नातू पोटभर पाणी प्याला, ते बरंच झालं. आप्पासाहेबांची कंबर त्याच दिवशी बरी झाली. माय घागर घेऊन पायरीपाशी पोचली तर काठी आडवी. "नागुबाई, थांब तितं, कुणीतरी वाढंल."

मी साप्ताहिक फडकवत पळालो. "आप्पासाहेब, हे वाचा! राक्षस मेला अन् पाणी सगळ्यांचं झालं, छापलंय हे!"

आप्पासाहेब गालात हसले. "राक्षस मेला ते बेस केलं मास्तर. पण पुढचं काय खरं धरता? ती तर कादंबरी हाय!"

मायनं रिकामी घागर काखेत घेतली. घराकडं वळली. उंबऱ्यात थांबून एकच बोलली, त्यावर आजपर्यंत मुकी आहे.

"कशाला मारलास रं त्याला? त्यो भरू तर देत व्हता."