ओपलच्या वाफ्यातलं फूल

हार्लन : ...आणि कुणाचा विश्वास बसणार नाही, ओपल. शपथेवर सांगितलं तरी बसणार नाही. तुझं ते वाफ्याच्या कोपऱ्यातलं कोनफ्लॉवरचं फुलझाड आज गोठ्याच्या छपराच्या वर गेलं.

ओपल : काल कुंपणाएवढं होतं म्हणालास.

हार्लन : रात्रीत वाढलं! गव्हाच्या कोठारावरचा माणूस मुद्दाम येऊन गेला. म्हणाला, शेंड्याला तांबडा दिवा बांधा, फवारणीचं विमान अडकेल.

ओपल : बांधलास?

हार्लन : शिडी पुरेना.

ओपल : मग ते राहू दे. एखादं लहानसं तोडून आण.

हार्लन : लहान उरलंय कुठे? करवत लावली एकाच्या देठाला, तर दात पडले. करवतीचे हं. माझे त्या कपात आहेत.

ओपल : हसवू नकोस रे, टाके ओढतात. रविवारपासून ग्लास रिकामा आहे हा. इस्पितळातून आले तेव्हापासून रोज एक फूल आणून ठेवायचास, न सांगता.

हार्लन : विसरलो. वय झालं.

ओपल : विसरणारा माणूस पडदा ओढायलाही विसरतो. तू मात्र सकाळी आलास की आधी तो ओढतोस.

हार्लन : ऊन येतं तुझ्या डोळ्यांवर.

ओपल : खिडकी उत्तरेला आहे, हार्लन, वाफ्याकडे.

हार्लन : तुला चालायचंय की भांडायचंय? त्या व्यायामवाल्या मुलीनं काय सांगितलंय? वॉकर धरायचा आणि रोज थोडं पुढे जायचं. चल, आज दारापर्यंत.

ओपल : दारात काय ठेवलंय? मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, मला वाफ्यापर्यंत जायचंय. एकदा माझ्या हातानं तण काढते, मग म्हणाल ते. त्यासाठी तर खुब्यातलं लोखंड ठणकत असताना उठते. नाहीतर कधीच उठले नसते. खरं सांगते, फार कंटाळा आलाय.

हार्लन : मग ऊठ की! फुलं काय पळून जातायत?

ओपल : काल ट्वायला आली होती ना चिकनचं भांडं घेऊन. आयुष्य गेलं तिचं कुंपणापलीकडून माझ्या फुलांवर जळण्यात. काल फुलांचा चकार शब्द नाही. नुसती माझी उशी नीट करत बसली.

हार्लन : जळून जळून दमली असेल.

ओपल : हार्लन.

हार्लन : बरं, बरं. एक झाड जरा... वेगळं निघालंय. सांगणारच होतो तुला. पाकळ्या हिरव्या. मधल्या बोंडातून आणखी फूल, त्यातून पुन्हा बारीक पानांचा झुपका. टोपीवर टोपी घातल्यासारखं! आख्ख्या कॅन्ससात कुणी पाहिलं नसेल. काउंटीच्या जत्रेत मांडू, वर तुझ्या नावाची पाटी.

ओपल : हिरव्या पाकळ्या?

हार्लन : पोपटासारख्या.

ओपल : पानं पिवळी पडलेली, शिरा तेवढ्या हिरव्या?

हार्लन : ...तुला कसं कळलं?

ओपल : आईच्या बागेत आला होता. पिवळा रोग आहे तो. त्याला औषध नाही. शेतात गहू वाळायला लागला की तिथले तुडतुडे उठतात आणि बागांवर उतरतात. याचा रस प्यायचा, त्याच्यावर जाऊन बसायचं. एका झाडावर थांबत नाहीत ते.

हार्लन : आपले थांबले. शिस्तीचे होते.

ओपल : पाठीला मलम कशाला लागतंय तुला? सगळ्या घराला वास सुटलाय.

हार्लन : गवत कापलं परवा.

ओपल : बसून चालवायचं यंत्र आहे आपलं.

(हार्लन रिकामा ग्लास उचलतो, सदऱ्यानं पुसतो, परत जागेवर ठेवतो.)

हार्लन : उद्या आणतो एक. नक्की. आज तर त्या पिवळ्या फिंच पाखरांनी बोंडांवर अशी झुंबड उडवली होती ना, बी खायला, की देठ वाकून जमिनीला...

ओपल : अजून गहू कापला जातोय बाहेर. बी धरायला ऑगस्ट उजाडतो. पूर्वी थाप तरी नीट मारायचास. फार दमलायस तू.

हार्लन : तू तिथपर्यंत चालणार होतीस, ओपल. मला दुसरं काही सुचेना.

ओपल : तिथे काही नाहीये आता. सगळी काढलीस. एकट्यानं, या पाठीनं.

(हार्लन उठून खिडकीचा पडदा बाजूला करतो.)

ओपल : मुळासकट काढलीस ना? तेवढं खरं सांग. तुकडासुद्धा राहू द्यायचा नसतो.